छपरावरचे ऊन नकाशातच राखा
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



गावालगतच्या रानात प्लॉट पडत आहेत. रान आपले गेले आणि तिथे राहायला जाणारी पोरेही बहुतेक आपलीच. म्हणून घरांच्या नकाशाचा विषय इंजिनियरवर सोडून चालणार नाही, असे आम्ही म्हणतो.

केंद्र सरकारने २०२४ साली सूर्यघर योजना काढली. एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन किंवा जास्तीला ७८ हजार रुपये अनुदान ठरले. पण अनुदान पॅनेलला आहे. छपरावर ऊनच नसेल तर ते घेऊन करायचे काय?

हिशेब साधा आहे. एक किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट वीज निघते. पॅनेलचे तोंड दक्षिणेला हवे. डिसेंबरात सूर्य इतका खाली असतो की पुणे-सोलापूर पट्ट्यात दहा फुटी भिंतीची सावली भर दुपारी नऊ फूट पडते. त्याच्या तीन तास आधी आणि नंतर अठरा फुटांच्या आसपास. पॅनेल एकमेकांना माळेसारखी जोडलेली असतात. पाटात एका जागी माती ढासळली की पुढच्या वाफ्यांचे पाणी कमी होते, तसे एका पॅनेलवरची सावली साऱ्या माळेची वीज घटवते.

आता आपली घरे पाहा. जिन्याची खोली दक्षिणेला, तिच्यावर टाकी. वास्तुशास्त्रवाले टाकी नैर्ऋत्येला सांगतात, ती मुकाट तिथे बसते आणि दुपारनंतर स्लॅबवर सावली. (विजेचे बिल वास्तुशास्त्रवाला भरत नाही.) जिना आणि टाकी पहिल्यापासून उत्तरेला घेतली तर सिमेंटचे एक पोतेही जास्त लागत नाही. घर झाल्यावर मात्र उंच लोखंडी सांगाडा करावा लागतो, तो खर्च घरधन्याच्या बोडक्यावर. उतरते छप्पर असेल तर आढे पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे एक पाखे सबंध दक्षिणेला येते.

घरकुलांची गत आणखी वाईट. २०१६ च्या ग्रामीण आवास योजनेतले किमान घर २५ चौरस मीटरचे, म्हणजे २६९ चौरस फूट. त्यावर दोन किलोवॅट कसेबसे बसतात. टाकी चुकली की एकच. छप्पर पत्र्याचे असेल तर पॅनेलचे वजन आणि वाऱ्याची ओढ सोसणारी कैची आधीच हवी.

आणि शेजारी? दक्षिणेच्या प्लॉटवाल्याने दोन मजले चढवले की आपले पॅनेल बाद. इथे एकट्याची हुशारी चालत नाही. रस्ते पूर्व-पश्चिम आखले तर निदान एका ओळीच्या दक्षिणेला रस्ता मोकळा राहतो. दुसऱ्या ओळीसाठी मागचे अंतर राखावे लागते.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने २०२० पासून नव्या घरांवर सौर पॅनेल बंधनकारक केले. आम्हाला सक्ती नको. आणखी एक दाखला, आणखी एक टेबल, आणखी एक चिरीमिरी यातून शेतकऱ्याचे भले झालेले आम्ही पाहिलेले नाही. आमची मागणी एवढीच, की लेआउटच्या नकाशावर रस्ता, गटार दाखवता तशी डिसेंबरची सावलीही दाखवा. आणि घरकुले, पुनर्वसित गावठाणे सरकार स्वतःच्या पैशाने वसवते तिथे तरी हे पाळा.

पुढच्या ग्रामसभेत नव्या प्लॉटांचा नकाशा मागून घ्या. उत्तरेचा बाण कुठे आहे ते आधी पाहा आणि मग जिने कुठे काढलेत ते विचारा.