घोडी



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते ते गुरुजी या शाळेत सुतारकाम शिकवीत असत. अशा व्यासपीठावर मराठीच्या प्राध्यापकाने संतवाङ्मयावर किंवा मराठी शाळांच्या भवितव्यावर बोलावे अशी अपेक्षा असते. मी मात्र आज घोडीविषयी बोलणार आहे. टांग्याच्या नव्हे, सुताराच्या. वर एक आडवा वासा आणि त्याला दोन्ही बाजूंनी फाकलेले चार पाय, एवढाच तिचा संसार. अशा दोन घोड्या मांडल्या की गच्चीत, ओसरीत, अंगणात, कोठेही सुतारशाळा उभी राहते. त्या उचलून भिंतीला टेकविल्या की ती नाहीशी होते. निवृत्तीनंतर माझा बराचसा वेळ गच्चीवर लाकडाच्या सहवासात जातो, तेव्हा विषय मला अगदीच परका नाही.

भाषेच्या माणसाचे लक्ष प्रथम शब्दाकडे जाते. आपण सुताराच्या आधाराला घोडी म्हणतो आणि तंबोऱ्याच्या तारा जिच्यावरून जातात तिलाही घोडीच म्हणतो. फ्रेंच भाषेतील ‘शव्हाले’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘लहान घोडा’. तोही लाकडाच्या तिकाटण्याला आणि व्हायोलिनच्या घोडीला असा दोन्हीकडे चालतो. जर्मनांनी या कामासाठी बोकड निवडला आणि डचांनी गाढव. चित्रकाराच्या ‘ईझल’ या इंग्रजी शब्दाचे मूळ त्या डच गाढवातच आहे. ओझे पाठीवर घेऊन निमूट उभे राहणारे जनावर या सर्वांना आठवले. आपली तिपाई तर इंग्रजांनी ‘टीपॉय’ करून नेली आणि आपण ती त्याच नावाने परत घरात आणली. तिचा चहाशी काही संबंध नाही, आणि आता बहुधा तिला पाय चार असतात! तीन पायांची वस्तू ओबडधोबड जमिनीवरही डगमगत नाही, चार पायांची डगमगते; हे ज्याने तिपाई केली त्याला भूमितीचे पुस्तक न वाचता ठाऊक होते.

आपल्याकडचा जुना सुतार जमिनीवर बसून काम करी. लाकूड तळपायांनी धरावयाचे आणि दोन्ही हात हत्यारासाठी मोकळे ठेवावयाचे. त्याचे पाय हीच त्याची घोडी. घरात विळीवर भाजी चिरणारी आजी विळीच्या पाटावर पाय रोवून बसते, तेव्हा तीही पायाकडून धारकऱ्याचेच काम घेत असते. तेथे पाते स्थिर असते आणि भाजी हलते. सुताराकडे लाकूड स्थिर आणि करवत हलते. पण दोघांचे सूत्र एकच : कापणाऱ्या हाताने धरण्याचे काम करू नये. आपण बैठक सोडून उभे राहून काम करू लागलो आणि पाय या कामातून सुटले. त्यांची जागा कशाने तरी घ्यावयास हवी होती. ती आपण बहुधा खुर्चीला दिली, पलंगाच्या कडेला दिली, आणि पुष्कळदा शेजाऱ्याच्या मुलाला ‘जरा धर रे’ म्हणून दिली.

आधार हवा, हे कोणीही मान्य करील. तो नेमका कोठे हवा, हे शिकावे लागते. आठ फुटांची फळी दोन टोकांना दोन घोड्यांवर ठेवून मधोमध कापू पाहा. काप जसजसा खोल जातो तसतशी फळी मध्ये वाकते, कापाच्या दोन्ही कडा वरून जवळ येतात आणि करवतीचे पाते चिमटीत सापडते. हाताची करवत असेल तर ती नुसती अडते. विजेची असेल तर ती उसळून मागे माणसाच्या अंगावर येते. म्हणून तुकडा कापावयाचा असेल तर काप दोन घोड्यांच्या मध्ये न घेता एका घोडीच्या बाहेर, तिच्या जवळच घ्यावा. बाहेरचा तुकडा मोकळा लोंबू द्यावा आणि शेवटच्या दोन-चार ओढींत त्याला नुसता हात लावावा, म्हणजे तो स्वतःच्या वजनाने चिरफळी घेऊन पडत नाही. मधोमधच कापणे भाग असेल, तर घोड्यांवर आधी दोन लांब पट्ट्या आडव्या टाकून प्रत्येक अर्ध्याला स्वतंत्र आधार द्यावा. ज्याचे त्याचे ओझे ज्याच्या त्याच्या खाली.

टेबलावर बसविलेल्या यंत्रकरवतीची गोष्ट याहून गंभीर आहे. आठ बाय चार फुटांचा, १९ मिलिमीटर जाडीचा प्लायवुडचा तक्ता सुमारे ३० ते ३५ किलो भरतो. तो पात्यापलीकडे निम्म्याहून अधिक गेला की पुढे कलंडू लागतो. माणूस मागचे टोक दाबून धरतो, आणि हे टोक पात्याजवळ असते. बोटे जातात ती येथे. पलीकडे एक रुळाची घोडी उभी केली तर हा प्रसंगच येत नाही. तिचा रूळ टेबलाच्या पातळीहून दोन-तीन मिलिमीटर खाली असावा, नाहीतर फळीचे टोक त्यावर अडते. आणि तो फळीच्या वाटेला काटकोनात असावा, नाहीतर फळी हळूच बाजूला ओढली जाते.

इंग्लंडमध्ये रॉन हिकमन नावाचे एक गृहस्थ होते, जन्माने दक्षिण आफ्रिकेचे. लोटस कंपनीच्या ‘एलान’ मोटारीचे ते आरेखक. १९६१ साली घरी कपाट करताना त्यांनी खुर्चीचाच आधार घेतला आणि लाकडाबरोबर चांगली खुर्चीही कापली. त्या खुर्चीच्या दुःखातून त्यांनी घडी घालता येईल, वर पाय देऊन दाबता येईल आणि दोन फळ्यांच्या जबड्यात काम पकडील अशी घोडी तयार केली. अनेक कंपन्यांनी ती नाकारली. अखेर ‘ब्लॅक अँड डेकर’ने ती ‘वर्कमेट’ या नावाने बाजारात आणली आणि पुढे ती लक्षावधी घरांत गेली. मला तिच्यात विशेष वाटते ते हे, की त्या घोडीवर पुन्हा माणसाचा पाय आला.

आता सुरतेकडे येतो. या शहराला लाकूड नवे नाही. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली येथूनच मुंबईच्या गोदीत गेले आणि त्यांच्या वंशजांनी तेथे सागवानी जहाजे बांधली. येथील सादेली कामात रंगीबेरंगी लाकडाच्या बारीक काड्या एकत्र चिकटवून त्यांचे आडवे पातळ काप काढतात. कापाच्या अगदी लगत आधार नसेल तर एवढे नाजूक काम हातातच मोडेल. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे याच शहरात सुतार समाजात जन्मले, रसायनशास्त्रज्ञ झाले आणि १८९० साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने त्यांनी बडोद्यास कलाभवन काढले. धंदेशिक्षण मातृभाषेतून द्यावे असा त्यांचा आग्रह होता. एका गुजराती सुतारपुत्राने आणि एका मराठी राजाने मिळून केलेले हे काम आहे. पुढे १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत हस्तव्यवसायाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवण्याची योजना मांडली गेली आणि १९३८च्या फेब्रुवारीत काँग्रेसने तिला मान्यता दिली, ती आपल्याच जिल्ह्यात, हरिपुऱ्याला. तरीही शाळाशाळांतून सुतारकामाचे तास आटत गेले. कारण विचारले की उत्तर ठरलेले : जागा नाही.

हे उत्तर मला पटत नाही. उधना-लिंबायतच्या वस्तीत खानदेशातून आलेली कुटुंबे दहा बाय बाराच्या खोलीत राहतात. वडील मागावर बारा तासांची पाळी करतात आणि दिवसा कोणी ना कोणी झोपलेले असते. तेथे सुतारकामाचे जड मेज कोण ठेवणार? पण घडीची घोडी खाटेखाली राहते. दोन चौकटी, वरच्या बाजूला दोन बिजागऱ्या, आणि पाय मर्यादेबाहेर फाकू नयेत म्हणून खाली साखळी किंवा सुंभाचा तुकडा. साखळी नसेल तर गुळगुळीत लादीवर पाय घसरतात. तळाशी सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे ठोकले की तेही थांबते. उंची गुडघ्याच्या वाटीच्या किंचित खाली, सुमारे ५० सेंटिमीटर, म्हणजे फळीवर गुडघा टेकून कापता येते. मुलांसाठी याहून कमी. मोठ्यांच्या मापाची घोडी मुलाला दिली तर त्याचा खांदा वर चढतो आणि काप तिरका जातो. नवीन फ्लॅटमध्ये फर्निचर करावयास येणारे राजस्थानी सुतार पाहा. पहिल्या दिवशी ते उरल्यासुरल्या तुकड्यांची घोडी ठोकतात, मगच मालकाच्या लाकडाला हात लावतात.

गुरुजींची सुतारकामाची खोली आता संगणकांना दिली आहे. ती परत मागण्यासाठी मी आलेलो नाही. संगणकही मुलांना हवेतच. माझी मागणी पश्चिमेकडच्या ओसरीची आहे, शनिवारी सकाळी दोन तास, आणि सहा घोड्यांची. विजेची करवत तेथे नको. हातकरवत, रंधा, गुण्या आणि दोन शिकंजे पुरेत. विश्वस्तांनी होकार दिला तर पहिला धडाही ठरलेला आहे : डगमगणारी घोडी सपाट लादीवर ठेवावी, आखूड पायाखाली पाचर सारून ती स्थिर करावी, मग एकाच जाडीच्या ठोकळ्यावर पेन्सिल टेकवून चारही पायांभोवती रेघ फिरवावी आणि त्या रेघेवर कापावे. पहिल्या चार घोड्यांचे लाकूड मी कापून ठेवले आहे. पाय मुद्दामच लहानमोठे ठेवले आहेत.