घोड्याचे जंत आणि औषधाची धार

माथेरानला दस्तुरी नाक्यावर आपली मोटार थांबते आणि पुढे लाल मातीचा रस्ता सुरू होतो. तिथे आता ई-रिक्षा आल्या आहेत, तरी घोडे आहेतच. असा एखादा घोडा भरपूर खाऊनही खंगू लागला, केसांची चमक गेली, की मालक जंताचे औषध आणतो आणि तबेल्यातल्या सगळ्यांनाच पाजतो. वरातीच्या घोड्यांचे मालकही हेच करतात. औषध फार महाग नाही, मग वारंवार दिले तर बिघडले कुठे? आज याविषयीच बोलायचे आहे.

दर दोन महिन्यांनी डोस देण्याची पद्धत १९६६ साली अमेरिकेत, केंटकीतल्या ड्रज आणि लायन्स या संशोधकांनी सुचवली. तेव्हा ती योग्यच होती. त्यांचा रोख होता मोठ्या स्ट्राँगाइल जंतावर. याची अळी गवताबरोबर पोटात जाते आणि आतड्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीत शिरते. तिथे रक्ताची गुठळी होते, आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि घोडा पोटशुळाने लोळू लागतो. नियमित औषधाने हा जंत पुष्कळ ठिकाणी हटला. पण त्याची जागा लहान स्ट्राँगाइलांनी घेतली. यांच्या अळ्या आतड्याच्या अस्तरात महिनोन्‌महिने दडून बसतात. नेहमीच्या डोसात बहुतेक औषधे तिथवर पोचत नाहीत. हजारोंनी एकदम बाहेर पडल्या तर घोडा हगवणीने दगावू शकतो.

आणि खरी गोम पुढेच आहे. प्रत्येक डोसात अशक्त जंत मरतात, चिवट उरतात आणि त्यांचीच प्रजा कुरणावर पसरते. फेनबेंडाझोलची धार लहान स्ट्राँगाइलांपुढे अनेक देशांत बोथट झाली आहे. ज्या आयव्हरमेक्टिनच्या शोधासाठी कँपबेल आणि ओमुरा यांना २०१५ साली नोबेल मिळाले, ते शिंगरांच्या गोल जंतांवर बऱ्याच ठिकाणी चालेनासे झाले आहे. या जंतांसाठी घोड्यांना त्यानंतर औषधांचा नवा गट मिळालेला नाही. आहे ते जपून वापरायचे.

म्हणून आधी लीद तपासा. ताज्या लिदीचे दोन-तीन गोळे पिशवीत घालून, हवा काढून, थंड ठेवून त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. एका ग्रॅममध्ये जंतांची किती अंडी आहेत ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येते. गंमत अशी, की एकाच तबेल्यातल्या मोठ्या घोड्यांपैकी साधारण पाचवा ते तिसरा हिस्सा घोडेच एकूण अंड्यांपैकी सुमारे ८० टक्के टाकतात. दोनशेच्या वर अंडी असणाऱ्यांना औषध द्यावे आणि दोन आठवड्यांनी लीद पुन्हा तपासून ते लागू पडले का ते पाहावे. बाकीच्यांना वर्षातून एक-दोन डोस बहुधा पुरतात. तेवढे मात्र चुकवू नयेत, नाहीतर मोठा स्ट्राँगाइल परत येतो.

डोस वजनावर ठरतो. नजरेच्या अंदाजावर माझा विश्वास नाही, तो बहुधा कमीच निघतो आणि अपुरा डोस जंतांना चिवटपणा शिकवतो. शिंप्याची टेप घ्या. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणा आणि ११,९०० ने भागा. घेर १५० आणि लांबी १४० असेल, तर वजन सुमारे २६५ किलो.

पण जंत घोड्याला होतात ते चरताना. पावसाळ्यात लिदीतल्या अळ्या ओल्या गवताच्या पात्यावर चढतात. कडक उन्हाळ्यात त्या कोरड्या होऊन मरतात. चरायच्या जागेवरची लीद आठवड्यातून दोनदा उचलली, तर औषधाचे निम्मे काम होते असे मी म्हणेन. ताजी लीद त्याच जागेवर खत म्हणून पसरू नये. खड्ड्यात तापून कुजली की चालते. घोड्यांमागून तिथे गाई चारल्या तर आणखी बरे. घोड्याचे बहुतेक जंत गाईच्या पोटात जगत नाहीत.

शिंगरांची गोष्ट वेगळी. गोल जंताची चिकट अंडी तबेल्याच्या भिंतींना, गव्हाणीला वर्षानुवर्षे धरून राहतात, म्हणून शिंगरू येण्याआधी ती जागा घासून धुवावी. शिंगराचे पोट जंतांनी गच्च भरलेले असताना जालीम औषध दिले, तर मेलेल्या जंतांचा बोळा आतड्यात अडकून ते फुटू शकते. पहिला डोस दोन-तीन महिन्यांचे असतानाच द्यावा, आणि कोणता, ते डॉक्टरांना विचारून.