बिनतारी छंदाची पहिली पायरी

बिनतारी संभाषणाचा छंद लागलेला नवखा मनुष्य प्रथम प्रक्षेपकाची किंमत विचारतो. वास्तविक या विद्येचा आरंभ कानापासून होतो. ४० मीटरच्या पट्ट्यावरील हौशी मंडळींचें भाषण साध्या घरगुती रेडिओवर बदकाच्या आवाजासारखें ऐकूं येतें. तें उलगडणारें ग्राहकयंत्र घ्यावें आणि कांहीं आठवडे नुसतें ऐकावें.

पुण्यांतील घराची गच्ची एरियलला पुरते. तांब्याची सुमारें २० मीटर तार मधोमध तोडून दोन्ही बाजूंस उंच ताणावी व तेथून जोडतार यंत्राकडे आणावी. विजेच्या तारांपासून मात्र ती दूर असावी.

प्रक्षेपणास सरकारी परवाना अवश्य आहे. वयाची १२ वर्षें पुरीं झालेल्यास त्याची परीक्षा देतां येते. मग ‘व्हीयू’नें आरंभ होणारें स्वतःचें संकेतनाम मिळतें.

बोलण्यापूर्वीं पुन्हां ऐकावें. लहर मोकळी आहे काय, हें विचारावें. संकेतनाम सांगावें, थोडक्यांत बोलावें आणि दुसऱ्याचें बोलणें मध्येंच तोडूं नये.

हा केवळ शिष्टाचार नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीस भूकंप झाला, तेव्हां हौशी बिनतारी मंडळींनीं मदतकार्यांत संदेशवहनाचें साहाय्य केलें. अशा वेळीं एकाच लहरीवर अनेक जण बोलूं लागले, तर कोणाचेंच ऐकूं येत नाहीं. ज्यास गप्प राहण्याची संवय आहे, त्याच्याच कानीं संकटांतील क्षीण हांक पडते.