ओल्या खोलीचा पडदा

आपल्या कोकणात जून ते सप्टेंबर पाऊस. भिंती ओल धरतात. खिडकीतून झड आत येते. मग हाताला लागेल ते आपण खिडकीला ठोकतो. मीही तेच केले होते. मुलांना आरोग्याचे धडे शिकवणारा मी, पण चुकलो.

आमच्या मागच्या खोलीत सूनबाई नि तान्हे मूल निजत. तिथल्या खिडकीला मी गोणपाट लावले. गोणपाट पाणी पिते आणि लवकर सोडत नाही. पंधरा दिवसांत त्याच्यामागे काळी बुरशी धरली. मूल रात्रभर खोकू लागले. डॉक्टरांनी मुलाची छाती तपासली, मग खिडकीकडे बघितले. म्हणाले, "गुरुजी, आधी हे काढा." बुरशीचे बारीक कण श्वासातून आत जातात. मुलांना नि दमेकऱ्यांना त्यांचा फार त्रास. गोणपाट काढले, भिंत पुसून घेतली. औषध चालूच होते. खोकला हळूहळू बसला.

मग प्लास्टिक लावावे? ते पाऊस अडवते खरे, पण घरातली वाफही अडवते. सकाळी त्याच्या आतल्या अंगाला थेंब दिसतात ना, ती आपल्याच श्वासाची, चुलीची, ओल्या कपड्यांची वाफ.

पाऊस बाहेरच अडवावा. खिडकीवर बाहेरून माडाच्या झावळीचे झाप तिरके बांधा, खालून मोकळे ठेवा. आत पातळ सुती कापड, जुने लुगडे चालेल. ते दोरीत ओवा, भिंतीला चिकटू देऊ नका. उघडीप मिळाली की बाजूला सारा. आठवड्याने धुवा, पुरते वाळल्याशिवाय परत लावू नका. म्हणजे पडदे दोन हवेत, एक वाळत नि एक खिडकीला.

सूनबाईने एका नऊवारीचे चार केले.