न्हाणीघरातील वीज : दोष ओळखा, धोका टाळा



उपनगरांतील जुन्या पिढीला तांब्याचा बंब खचितच आठवत असेल. पहाटे उठून त्यात लाकडाच्या ढलप्या किंवा कोळसे घालावयाचे, राख झाडावयाची आणि घंगाळात कढत पाणी काढावयाचे, हा घरोघरचा क्रम होता. बंबात धोका नव्हता असे नाही. परंतु तो डोळ्यांना दिसत होता. धूर झोंबे, निखारा दिसे, तापलेल्या तांब्याला लागलेला हात आपोआप मागे येई. आता त्या बंबाची जागा गीझरने घेतली आहे. बटन दाबले की अर्ध्या तासात बादलीभर पाणी तयार होते. मात्र येथील विस्तव तारेतून येतो. त्याला धूर नाही आणि वासही नाही. यास्तव गीझर बिघडला म्हणजे तो कशाने बिघडला, हे ओळखण्याची रीत प्रत्येक घरास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

उपनगरांना वीज पुरविणारी ‘बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय’ ही कंपनी १९२९ मध्ये स्थापन झाली. पुढे १९५० आणि १९५७ मध्ये महानगरपालिकेची हद्द टप्प्याटप्प्याने उत्तरेकडे वाढून दहिसर व मुलुंडपर्यंत पोहोचली आणि वस्ती झपाट्याने दाट झाली. घाटकोपरचे पंतनगर, अंधेरीचे डी. एन. नगर यांसारख्या गृहनिर्माण मंडळाच्या वसाहती उभ्या राहिल्या. त्या काळच्या घरांतील विजेची गरज ती काय? दोन-तीन दिवे, एखादा पंखा आणि एक रेडिओ. तारा त्या हिशेबाने घातलेल्या होत्या. कित्येक ठिकाणी तर फेज आणि न्यूट्रल या दोनच तारा होत्या. अर्थिंगची तिसरी तार नव्हतीच. अशा अनेक इमारतींचा पुनर्विकास झाला आहे. जेथे तो झालेला नाही, तेथे त्याच जुन्या तारांवर गीझरचा भार पडतो, आणि दोषांची सुरुवात पुष्कळदा तेथूनच होते.

गीझरचा हिशेब

घरगुती गीझर सामान्यतः २,००० वॉटचा असतो. २३० व्होल्ट दाबाला तो सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास सुमारे एक युनिट वीज आणि अर्धा तास लागतो. अंघोळीच्या घाईत लावला जाणारा छोटा तात्काळ गीझर ३,००० वॉटचा असतो व तो १३ अँपिअर खेचतो. सहा अँपिअरच्या साध्या सॉकेटवर हा भार टाकला तर सॉकेट तापते, प्लगची पितळी टोके काळवंडतात आणि अखेरीस प्लास्टिक वितळते. म्हणून गीझरसाठी १६ अँपिअरचे सॉकेट, स्वतंत्र एमसीबी आणि तांब्याची पुरेशी जाड स्वतंत्र तार हवी. जोडणी वाढविण्याची लांब वायर लावून गीझर चालविणे सर्वथा वर्ज्य मानावे.

लक्षणांवरून निदान

दोष शोधताना पहिला नियम असा की, निरीक्षण घरच्यांनी करावे. झाकण मात्र परवानाधारक तंत्रज्ञानेच उघडावे. तोटीला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर त्या कितीही सौम्य असोत, निदान करीत बसू नये. ओल्या न्हाणीघरातून बाहेर यावे, कोरड्या जागेवरून मुख्य स्विच बंद करावा आणि दोष सापडेपर्यंत गीझर वापरू नये.

पाणी थंड आहे आणि गीझरवरील दिवाही लागत नाही, असे झाल्यास गीझरला वीज पोहोचत नाही असे समजावे. त्याच सॉकेटवर दुसरे उपकरण चालते का, एमसीबी खाली पडला आहे का, प्लग जळाला आहे का, हे क्रमाने पाहावे. घरातील काही दिवे मंद आणि काही एकाएकी प्रखर होत असतील, तर मात्र गीझरच्या मागे लागू नये. इमारतीच्या सामाईक न्यूट्रलची जोडणी सैल झाल्याचे ते लक्षण असते आणि त्या वेळी घरातील दाब धोकादायकरीत्या वाढू शकतो. मुख्य स्विच बंद करून वीज कंपनीस तात्काळ कळवावे.

दिवा लागतो पण पाणी तापत नाही, तेव्हा संशय एलिमेंट, थर्मोस्टॅट किंवा कट-आउट या तिघांवर जातो. २,००० वॉटच्या एलिमेंटचा रोध मल्टीमीटरवर सुमारे २६ ओहम दिसावयास हवा. काटा जागचा हललाच नाही, तर आतील तार तुटली आहे. उपनगरांत हा दोष बहुधा कोरड्या तापण्याने होतो. गच्चीवरील टाकी रिकामी असते, गीझरमध्ये पाणी येत नाही आणि बटन मात्र चालू असते. म्हणून टाकी कोरडी पडल्यानंतर आधी गरम पाण्याची तोटी उघडून धार येते की नाही ते पाहावे, मगच बटन दाबावे. तानसा, वैतरणा व भातसा येथून येणारे महापालिकेचे पाणी मृदू असते. त्याने एलिमेंटवर क्षार फारसे बसत नाहीत. परंतु टँकरचे किंवा कूपनलिकेचे जड पाणी वापरणाऱ्या इमारतींत क्षारांचा थर लवकर साचतो. त्या थराखाली एलिमेंट प्रमाणाबाहेर तापते आणि फुटते.

पाणी उकळू लागले किंवा सुरक्षा झडपेतून वाफ येऊ लागली, तर थर्मोस्टॅटचे स्पर्शबिंदू चिकटले आहेत असे समजून गीझर लगेच बंद करावा. पाणी गळते म्हणून सुरक्षा झडप खुंटी मारून बंद करण्याची सवय जीवघेणी आहे; कोंडलेली वाफ टाकी फोडून बाहेर पडते.

ट्रिप होणारा स्विच काय सांगतो?

घरोघरी सर्वाधिक तक्रार असते ती स्विच पुन्हा पुन्हा पडण्याची. येथे एमसीबी आणि आरसीसीबी यांतील भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. एमसीबी तारेचे रक्षण करतो; आरसीसीबी माणसाचे. बटन दाबताक्षणी एमसीबी पडला, तर शॉर्ट सर्किट झाले आहे. काही वेळाने पडला, तर भार जास्त आहे किंवा एखादी जोडणी सैल होऊन तापत आहे.

आरसीसीबीचे काम वेगळे. फेजमधून जितका प्रवाह गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला की नाही, याचा तो अखंड हिशेब ठेवतो. ३० मिलिअँपिअरची तूट आढळताच तो वीज तोडतो. गीझरच्या नेहमीच्या प्रवाहाचा हा जेमतेम तीनशेवा हिस्सा आहे. परंतु माणसाच्या प्राणावर बेतण्यास तो पुरेसा ठरू शकतो. गीझर सुरू करून चार-पाच मिनिटांनी आरसीसीबी पडत असेल, तर बहुधा एलिमेंटच्या आवरणाला बारीक चीर गेलेली असते. तापल्यावर ती रुंदावते आणि वीज पाण्यात झिरपू लागते. गीझरचा प्लग काढून ठेवावा. स्विच टिकला, तर दोष गीझरमध्ये आहे. तरीही पडला, तर तो अन्यत्र आहे. केवळ बटन बंद करून ही परीक्षा पुरी होत नाही, कारण एकेरी बटन फक्त फेज तोडते आणि न्यूट्रलकडील गळती तशीच राहते.

अशा वेळी काही जण आरसीसीबी काढून टाकून थेट जोडणी करून देतात. पाणी तापू लागते, घरातील मंडळी समाधानी होतात आणि गळती मात्र जागच्या जागी राहते. पहारेकरी सारखा ओरडतो म्हणून त्यालाच घरातून हाकलून द्यावे, तसा हा प्रकार आहे. आरसीसीबीवरील परीक्षेचे बटन महिन्यातून एकदा दाबून तो पडतो की नाही हे पाहावे. दाबूनही पडला नाही, तर तो बदलावा.

अर्थिंग : न दिसणारी तिसरी तार

अर्थिंग आहे, एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही. समजा, गीझरच्या कवचात फेज उतरली आणि जमिनीकडे जाणाऱ्या मार्गाचा रोध २० ओहम आहे. मग २३० भागिले २०, म्हणजे अवघा साडेअकरा अँपिअर प्रवाह जमिनीत जाईल. १६ अँपिअरचा एमसीबी त्याने पडणारच नाही आणि गीझरचे कवच जिवंत राहील. उलटपक्षी, आरसीसीबी आहे पण अर्थिंग नाही, अशा घरात गळतीला पळवाट मिळेपर्यंत स्विच स्वस्थ राहतो. आणि ती पहिली पळवाट म्हणजे तोटीला हात लावणाऱ्याचे शरीर. म्हणून ही दोन्ही साधने हवीत. सॉकेटमध्येच अर्थ आणि न्यूट्रल जोडून देण्याची युक्ती तर कोणी सुचविली तरी मानू नये. न्यूट्रल कोठे तुटला, तर गीझरचे कवच पुऱ्या २३० व्होल्टला येते.

एका घरातील दोष, दुसऱ्या घरातील धोका

हा प्रश्न एकेका सदनिकेपुरता नाही. जुन्या इमारतींत लोखंडी नळ होते आणि ते वरपासून खालपर्यंत जोडलेले होते. तिसऱ्या मजल्यावरील गीझरमधून झिरपलेली वीज त्या नळांतून दुसऱ्या मजल्यावरील तोटीत उतरू शकते. पुढे दुरुस्तीत लोखंडी नळ काढून प्लास्टिकचे घातले गेले. ज्या घरांनी नकळत नळालाच अर्थिंग मानले होते, त्यांचा तो आधारही कोणास न कळता तुटला. आवारातील अर्थिंगचे खड्डे फरशीखाली किंवा काँक्रीटखाली गाडले गेल्याचेही काही ठिकाणी आढळते. म्हणून गृहनिर्माण संस्थांनी इमारतीच्या अर्थिंगची मोजणी करून घ्यावी, खड्ड्यांच्या जागा नकाशावर नोंदवाव्यात आणि उन्हाळ्यात त्यांत पाणी घालण्याची व्यवस्था ठेवावी. सर्वसाधारण सभेत रंगकामावर तासभर चर्चा होते. या विषयाला पंधरा मिनिटे देणे जड जाऊ नये.

तक्रार कोठे करावी, हेही स्पष्ट असावे. मीटरपर्यंतची व्यवस्था वीज कंपनीची आणि मीटरनंतरची ग्राहकाची. अंधेरी, बोरिवली व घाटकोपर भागांत जुन्या उपनगरीय कंपनीचे काम २०१८ पासून अदानी इलेक्ट्रिसिटीकडे आहे. टाटा पॉवरचेही ग्राहक आहेत. मुलुंड व भांडुप येथे महावितरणचा पुरवठा आहे. घरातील कामासाठी परवानाधारक विद्युत ठेकेदार बोलवावा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून शिकलेले वीजतंत्री आणि तारतंत्री उपनगरांत दुर्मीळ नाहीत. काम झाल्यावर तंत्रज्ञाकडून मेगरने गळतीची परीक्षा करून घ्यावी आणि अर्थिंगची तार खरोखर जोडली आहे की नाही, हे समक्ष पाहावे.

घरात म्हातारी माणसे आणि लहान मुले असतात. ओल्या अंगाने, अनवाणी आणि दार आतून लावून माणूस न्हाणीघरात असतो. तेथे त्याच्या हाकेला ओ देणारे जवळ कोणी नसते. त्या बंद दाराआड त्याचे रक्षण करणाऱ्या गोष्टी दोनच : भिंतीतून जमिनीकडे जाणारी एक तार आणि वेळेवर पडणारा एक स्विच. त्या दोन्ही शाबूत आहेत ना, हे आजच पाहून घ्यावे.