बॅरक गेली, पत्ता राहिला

(अंबरनाथ येथील एका कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला आहे, 'माझा भ्रमणध्वनी आणि मी'. वृत्तपत्रात मीही हा शब्द आयुष्यभर निष्ठेने लिहिला. पण घरात सौभाग्यवतींनी 'अहो, तुमचा मोबाईल वाजतोय' याखेरीज दुसरी हाक कधी मारलेली नाही. तेव्हा आज मीही मोबाईलच म्हणेन, शब्दप्रेमींनी क्षमा करावी. मी मराठी वाङ्मय घेऊन बी.ए. झालेला माणूस. या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच की, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन गावांतून तीस वर्षे मी बातमीमागे हिंडलो आणि रस्ता जितक्या प्रकारांनी चुकता येतो तितक्या सर्व प्रकारांनी चुकलो.

कोणता फोन चांगला, यावरून घराघरांत वाद होतात. ते प्रकरण आधी थोडक्यात आटोपतो. माझा पहिला नकाशेवाला फोन नोकियाचा होता, त्यात सिंबियन नावाची प्रणाली असे. जानेवारी २०१० मध्ये नोकियाने आपले दिशादर्शक नकाशे विनामूल्य केले, तेव्हा त्या इवल्याशा पडद्यावर उल्हास नदीची निळी रेघ पाहून मी लहान मुलासारखा हरखलो होतो. आज सिंबियन नाही, ब्लॅकबेरीची प्रणाली नाही, मायक्रोसॉफ्टची विंडोज फोनही नाही. उरल्या दोन, गूगलची अँड्रॉइड आणि ॲपलची आयओएस. माझ्याकडे अँड्रॉइड आहे, कन्येकडे आयफोन. ती म्हणते, माझा फोन अधिक सुरक्षित. मी म्हणतो, माझा फोन भाजीवालीलाही परवडतो आणि तिच्या नातवाला त्यावर मराठीत लिहिता येते. दोघांचेही खरे आहे. पण दोन्ही घरांच्या किल्ल्या कॅलिफोर्नियात आहेत, हेही तितकेच खरे. अँड्रॉइडच्या जोरावर गूगल बाजारात अवाजवी वर्चस्व गाजवते, असा निर्णय देऊन आपल्या स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी त्या कंपनीला १,३३७ कोटी ७६ लाख रुपयांचा दंड ठोठावला होता. आपल्याकडेही प्रयत्न झाले. मुंबई आयआयटीतून बाहेर पडलेल्या तरुणांनी भारतीय भाषांसाठी 'इंडस' ही प्रणाली आणली, मद्रास आयआयटीच्या आश्रयाने जानेवारी २०२३ मध्ये 'भारओएस' पुढे आली. दोहोंच्या पायात दगड अँड्रॉइडच्या मुक्त संहितेचाच आहे. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही, मात्र टाळ्या वाजवताना तेवढे ध्यानात असावे.

माझ्या मते फोन कोणाचा, यापेक्षा त्यातला नकाशा कोणाचा आणि तो कोण भरतो, हा प्रश्न मोठा आहे. हे मत मी पुस्तकातून घेतलेले नाही.

२०१८ च्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या दैनिकात मुद्रितशोधनाचे काम करणारे माझे एक ज्येष्ठ सहकारी उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये राहत. सिंधी कुटुंबातले, पण आमच्या अग्रलेखातला ऱ्हस्व-दीर्घ चुकला तर त्यांना जेवण गोड लागत नसे. एके रात्री साडेअकराला त्यांच्या सूनबाईंचा फोन आला. 'अंकल, पप्पाजींची जीभ अडखळतेय, उजवा हात वर जात नाही.' रुग्णवाहिका बोलावली होती. मी अंबरनाथहून स्कूटर काढली. निम्म्या वाटेत पुन्हा त्यांचाच फोन, रुग्णवाहिकेचा चालक म्हणतो मी पत्त्यावर उभा आहे, आणि आमच्या दारात तर कोणीच नाही. मी एरवी दिवसा, ओळखीच्या खुणांनी त्यांच्याकडे जाणारा. पावसात, अंधारात, दिवे गेलेले, म्हणून मीही पत्ता फोनमध्ये घातला. फोनने मला जिथे नेले तिथे ती रुग्णवाहिका उभी होती! एका बंद दुकानासमोर, दिवा गरगर फिरत होता, आणि आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत होतो. त्या ॲपचे नाव मी घेत नाही, कारण दोष एकट्या त्याचा नव्हता.

शेजारी एका शिंप्याच्या दुकानाचे शटर अर्धे उघडे होते. वृद्ध गृहस्थ बाहेर आले, मी पत्ता सांगितला. ते म्हणाले, 'साईं, वो बैरक तो कब की टूट गई, अब वहाँ बिल्डिंग है.' आणि छत्री न घेताच ते चालकाशेजारी जाऊन बसले. चार वळणे घेऊन दारापर्यंत त्यांनी गाडी नेली. एकंदर पाऊण तास गेला. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्यातही प्रत्येक मिनिट मोलाचे असते, हे मला नंतर कळले. माझे सहकारी वाचले. पण लाल पेन धरणारा त्यांचा उजवा हात पुन्हा कधी चालला नाही. उशिरामुळे असे झाले का, हे डॉक्टरांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही.

उल्हासनगरचा पत्ता ही काय चीज आहे, ते बाहेरच्यांना उमगत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून सर्वस्व गमावून आलेल्या सुमारे एक लाख हिंदू बांधवांना त्या छावणीच्या बराकींतून आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून त्याचे नाव पडले. पत्ते मात्र छावणीचेच राहिले. कॅम्प अमुक, सेक्शन तमुक, बॅरक नंबर, खोली नंबर. कालांतराने बराकी पाडून इमारती उभ्या राहिल्या. बॅरक गेली, पत्ता राहिला. यंत्राने तो शोधावा कसा? त्याला नुसता आकडा दिसतो. त्या आकड्यामागचे घर शिंप्याच्या डोक्यात असते.

आपल्या अंबरनाथचे तरी काय वेगळे आहे? काड्यापेट्यांचा विम्को कारखाना बंद पडला, विम्को नाका शाबूत आहे. रेल्वेच्या केबिनवरून बी केबिन रोड झाला, आज किती तरुणांना ती केबिन ठाऊक आहे? बदलापुरातली तऱ्हा आणखी निराळी. तिथे नगरपालिकेच्या नावातच 'कुळगाव' आहे. रोमन लिपीत 'ळ' नाही. नाव आधी रोमनमध्ये जाते, तिथून यंत्र ते पुन्हा देवनागरीत आणते, आणि एका नकाशात आपले कुळगाव 'कुलगाव' होऊन बसलेले मी पाहिले आहे. नाव बिघडले की गाव परके वाटू लागते, आणि वाट विचारणारा मुलगा तेच बिघडलेले नाव आपल्यालाच शिकवू लागतो.

इथे एक गल्लत नेहमी होते, ती दूर करतो. 'मी कुठे आहे' हे उपग्रह सांगतो. 'तिथे काय आहे' हे नकाशा सांगतो. फोन किमान चार उपग्रहांचे संकेत घेतो, संकेत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढतो आणि आपली जागा ठरवतो. घड्याळात एका सेकंदाच्या अब्जांश भागाची चूक झाली तरी अंतरात सुमारे एक फुटाचा फरक पडतो, म्हणून त्या उपग्रहांत आण्विक घड्याळे असतात. त्या रात्री उपग्रहाने काही चूक केली नव्हती. आम्ही कुठे उभे आहोत, हे त्याने अचूक सांगितले. चुकीचे ठिकाण नकाशात होते.

उपग्रहांच्या बाबतीत आपण अमेरिकेच्या जीपीएसवर विसंबून राहू नये, यासाठी इस्रोने 'नाविक' उभारले. १ जुलै २०१३ रोजी पहिला उपग्रह गेला, २८ एप्रिल २०१६ रोजी सातवा. अभिमान वाटावा असेच हे काम आहे, आणि म्हणूनच त्याविषयी खरे बोलले पाहिजे. पहिल्या उपग्रहातली आयात केलेली आण्विक घड्याळे बंद पडली. त्याच्या जागी ऑगस्ट २०१७ मध्ये पाठवलेला उपग्रह उष्णतारोधक कवच न उघडल्याने वाया गेला. स्वदेशी घड्याळ असलेला पहिला उपग्रह २९ मे २०२३ रोजी सुखरूप वर गेला, पण जानेवारी २०२५ मधला पुढचा उपग्रह ठरलेल्या कक्षेपर्यंत पोहोचू शकला नाही. जुलै २०२५ मध्ये संसदेत सांगण्यात आले की, स्थाननिश्चितीचे काम करू शकणारे उपग्रह चार उरले आहेत. आपण मात्र 'आता आपले स्वतःचे जीपीएस आहे' असे संदेश एकमेकांना पाठवून मोकळे होतो. त्या शास्त्रज्ञांना आपल्या संदेशांची नव्हे, जास्तीच्या उपग्रहांची गरज आहे.

नकाशाच्या बाबतीत चित्र अधिक आशादायक आहे. राकेश आणि रश्मी वर्मा या दांपत्याने १९९५ मध्ये, आपल्याकडे इंटरनेट नुकतेच येत असताना, भारताचे संगणकीय नकाशे बनवण्याचा उद्योग सुरू केला. त्यांचे ॲप आज 'मॅपल्स' नावाने चालते. नकाशे काढण्यावरची जाचक बंधने १५ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी सैल झाली, त्याच महिन्यात या कंपनीचा इस्रोशी करार झाला. माझ्या फोनमध्ये दोन्ही नकाशे आहेत, देशी आणि विदेशी. गुंतागुंतीचा चौक आणि पुढचा गतिरोधक दाखवण्यात देशी ॲप मला उजवे वाटते. पण रहदारी ओळखली जाते ती रस्त्यावरच्या फोनांच्या हालचालीवरून. ज्याच्याकडे लाखो फोन, त्याला कोंडी आधी कळते, आणि कोंडी आधी कळते म्हणून लोक त्याच्याकडेच जातात. देशी ॲप उतरवून घ्यायचे आणि सकाळी स्टेशनला जाताना विदेशी ॲप उघडायचे, याने ते चक्र तुटणार नाही.

कोणी म्हणेल, एवढे मनाला लावून घेण्यासारखे काय आहे? जानेवारी २०२१ मध्ये नगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात रात्रीच्या वेळी एक मोटार फोनमधल्या नकाशाच्या आधारे निघाली आणि थेट पाण्यात गेली. त्या रस्त्यावरचा पूल धरणाच्या पाण्याखाली होता. चालकाचा मृत्यू झाला. पुलावर पाणी आहे, हे पंचक्रोशीत सर्वांना माहीत होते. नकाशाला नव्हते, आणि रस्त्यावर फलकही नव्हता. गावाचे ज्ञान गावातच राहिले, ते वाटसरूपर्यंत पोहोचवण्याचे काम कोणी आपले मानले नाही.

हे काम आपल्या माणसांनी पूर्वी केलेले आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला. एकाच नावाची अनेक गावे, अनेक लिप्या, चुकीचे पत्ते, या साऱ्यातून पत्र वाट काढत कसे जाणार, याचे उत्तर ज्यांनी शोधले ते श्रीराम भिकाजी वेलणकर. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी, नाटककार! भाषेच्या माणसाला यंत्रणेतले काय कळते, असे मला कोणी म्हणाले की मी वेलणकरांचे नाव घेतो. उल्हासनगरचे पिनकोड आठवून पाहा. ४२१००१ ते ४२१००५, पाच कॅम्पांना पाच. टपालखात्याला आपला कॅम्प कळला होता. त्याच टपालखात्याने मे २०२५ मध्ये 'डिजिपिन' आणला. सुमारे चार मीटर लांब-रुंद अशा प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरांचा संकेत. इमारत पाडा, नाव बदला, संकेत तोच राहतो. तो तोंडपाठ होणार नाही आणि मजलाही सांगणार नाही, हे उणे आहेच. म्हणून मी तो कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवला आहे आणि आमच्या सोसायटीच्या फाटकाशी रंगवून घेतला आहे. सूनबाईंना रात्री साडेअकराला रडत रडत फोनवर वाचता येईल, इतक्या मोठ्या अक्षरांत.

शेवटचे सांगतो. कोणत्याही नकाशा-ॲपमध्ये चूक दाखवण्याची, जागा जोडण्याची सोय असते. आपण तिचा उपयोग हॉटेलला तारे देण्यासाठी करतो. गेले दोन रविवार आम्ही काही मंडळी कॅम्प तीनमध्ये हिंडत आहोत. तरुणांच्या हातात फोन, आम्हा वयस्करांच्या हातात वही. जुनी बॅरक कोणती, आज तिथे इमारत कोणती, वाट कोणत्या बाजूने, हे विचारायचे आणि तिथल्या तिथे देशी-विदेशी दोन्ही नकाशांत घालायचे. ते शिंपीकाका आता थकले आहेत. खुर्ची टाकून दुकानाबाहेर बसतात आणि प्रत्येक नोंद वाचून दाखवायला लावतात. दोनदा त्यांनी आमची चूक पकडली.

येत्या रविवारी सकाळी आठ वाजता उल्हासनगर स्थानकाबाहेर, पूर्वेला जमायचे आहे. ज्यांचे नातलग, मित्र कॅम्पांत राहतात त्यांनी येताना त्यांच्या घरातले जुन्यात जुने विजेचे बिल मागून आणावे. बॅरकचा खरा क्रमांक बहुधा त्यावरच सापडतो.