लसीची शंका आणि सुटीचा प्रवास

मन-म्हैस नद्यांच्या संगमावरील बाळापूर असो वा वऱ्हाडातील एखादे खेडे, लसीविषयी शंका घेणारा माणूस अडाणीच असतो, हा समज प्रथम सोडला पाहिजे. शंकेलाही इतिहास आहे. प्लेगच्या साथीत डॉ. हाफकिन यांनी 10 जानेवारी 1897 रोजी मुंबईत आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. तरीही 1902 मध्ये पंजाबातील एका खेड्यात एकाच बाटलीतील लस टोचलेले 19 जण धनुर्वाताने दगावले. त्या एका बाटलीत जंतू शिरले होते. परंतु हाफकिन यांच्यावरील ठपका दूर होण्यास 1907 साल उजाडले.

फेब्रुवारी 2021 मध्ये अमरावती-अकोला भागात करोना पुन्हा उसळला आणि 1 मार्चपासून ज्येष्ठांचे लसीकरण सुरू झाले. तेव्हा ‘काही होत नाही’ असे सांगणे सोपे होते, पण घातक. ताप, अंगदुखी येऊ शकते. कोव्हिशील्डनंतर रक्तात गुठळ्या होण्याचे अतिविरळ प्रकारही नोंदले गेले. हे आधीच सांगितले, तर रात्री ताप भरल्यावर आळी घाबरत नाही.

सुटीचे तसेच. सकाळी लस घेऊन सायंकाळी पुण्याची गाडी पकडता येई. संरक्षण मात्र लगेच सोबत येत नसे. दुसऱ्या मात्रेनंतरही सुमारे दोन आठवडे जावे लागत. शेगावची पालखीदेखील 2020 मध्ये पंढरपूरला पायी निघाली नाही. मग लग्नाची वऱ्हाडे थांबवणे अशक्य कसे? पुढील साथीत शिक्षकांनी सुटी लागण्यापूर्वीच पालकांना हे दिवस मोजून दाखवावेत, आणि ग्रामसभेत विचारलेली प्रत्येक शंका सरपंचांनी आरोग्यसेविकेसमोर मांडावी.